कोर्टाच्या कागदावर अक्षर केवढं हवं? ‘साईज १४’चा नियम, मराठी टायपिंगच्या अडचणी आणि घरच्या पट्टीने तपासायची रीत

बांधाचा वाद असो, वाटणीचा दावा असो, पोटगी असो की चेक बाऊन्स. कोर्टाची पायरी चढली की कागद टाईप करून घ्यावे लागतात. वकीलसाहेब मजकूर सांगतात, टायपिंगवाला टाईप करतो, पक्षकार पैसे देतो आणि दाखवतील तिथे सही करतो. अक्षर किती मोठं आहे, ओळींमध्ये किती जागा सोडली आहे, कडेला समास किती आहे याकडे पक्षकाराचं लक्ष नसतं. पण कागद दाखल करून घेताना मजकुराच्या आधी तपासल्या जाणाऱ्या गोष्टींत याही असतात.

त्यात चूक निघाली तर कागद दुरुस्तीसाठी परत येतो. परत टायपिंग, परत प्रिंट, परत सह्या, तालुक्याला किंवा जिल्ह्याला आणखी एक खेप आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी. अपिलाची मुदत संपत आलेली असेल तर हीच चूक जास्त महागात पडते. म्हणून अक्षराच्या आकाराचा नियम काय आहे, मराठी कागदात तो कुठे गडबडतो आणि सही करण्याआधी काय बघायचं, हे पक्षकाराला माहीत असलेलं बरं.

नियम नेमका काय आहे?

दिवाणी प्रक्रिया संहितेत दावा कसा लिहावा हे सांगितलेलं आहे. महत्त्वाच्या घटना थोडक्यात लिहायच्या, परिच्छेदांना क्रमांक द्यायचे, तारखा, रकमा आणि संख्या आकड्यांत तसंच अक्षरांत लिहायच्या, खाली सही आणि सत्यापन करायचं. हे सगळं आदेश ६ मध्ये आहे. अक्षर किती मोठं असावं हे मात्र संहितेत नाही. ते त्या त्या न्यायालयाचे नियम, परिपत्रकं आणि ई-फायलिंगच्या सूचना यांतून ठरतं.

यातलं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण सर्वोच्च न्यायालयाचं आहे. ५ मार्च २०२० च्या परिपत्रकाने तिथे कागदाचं माप एकसारखं करण्यात आलं आणि १ एप्रिल २०२० पासून ते लागू झालं. त्यातल्या अटी अशा:

- कागद ए-४ आकाराचा, म्हणजे २९.७ बाय २१ सेंटिमीटर. प्रत चांगली, जाडी ७५ जीएसएमपेक्षा कमी नको.
- छपाई कागदाच्या दोन्ही बाजूंना.
- फॉन्ट टाइम्स न्यू रोमन, आकार १४.
- दोन ओळींमधलं अंतर दीड.
- दुसरीकडून घेतलेला उतारा किंवा आत सरकवलेला मजकूर असेल तर आकार १२ आणि अंतर एक.
- डावीकडे व उजवीकडे ४ सेंटिमीटर समास, वर आणि खाली २ सेंटिमीटर.

डावी-उजवी दोन्हीकडे एवढा मोठा समास का, असा प्रश्न पडेल. कागद दोन्ही बाजूंनी छापला की पुढच्या बाजूला शिलाई डावीकडे येते आणि मागच्या बाजूला तीच शिलाई उजवीकडे जाते. एकीकडे समास कमी ठेवला तर फाईल शिवल्यावर त्या बाजूची अक्षरं शिलाईत जातात.

तालुक्याच्या कोर्टाला हाच नियम आहे का?

इथे गोंधळ होतो. वरच्या अटी सर्वोच्च न्यायालयात दाखल होणाऱ्या कागदांसाठी आहेत. उच्च न्यायालयांचे स्वतःचे नियम आहेत. तालुका आणि जिल्हा न्यायालयांसाठी उच्च न्यायालय नियम आणि सूचना काढतं, महाराष्ट्रात त्यासाठी सिव्हिल मॅन्युअल आणि क्रिमिनल मॅन्युअल आहेत. पूर्वी सगळीकडे लांबट लीगल कागद किंवा हिरवा लेजर कागद आणि एकाच बाजूला टायपिंग अशी पद्धत होती. आता ए-४ कागद मुंबई उच्च न्यायालयातही चालतो. पण समास किती, दोन्ही बाजूंना छपाई की एका, प्रती किती, यात न्यायालयागणिक फरक पडतो. काही उच्च न्यायालयांच्या ई-फायलिंग नियमांत अक्षराचा आकार १४ च आहे, पण समास इंचांत दिलेला आहे आणि डावीकडे जास्त, उजवीकडे कमी आहे.

भाषेचाही फरक आहे. राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. खालच्या न्यायालयांची भाषा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ खाली राज्य सरकार ठरवतं आणि महाराष्ट्रात ती मराठी आहे. म्हणजे ‘टाइम्स न्यू रोमन, १४’ हा नियम इंग्रजी अक्षरांचा आहे. टाइम्स न्यू रोमनमध्ये मराठी अक्षरंच नाहीत. मराठी दाव्यावर हा फॉन्ट लावला तरी संगणक मराठी मजकूर दुसऱ्याच फॉन्टमध्ये दाखवतो.

थोडक्यात, टायपिंग सुरू होण्याआधी वकिलांना किंवा फायलिंगच्या टेबलावर चार प्रश्न विचारून घ्यावेत: कागद कोणता? छपाई एका बाजूला की दोन्ही? समास किती? मराठी असेल तर फॉन्ट कोणता आणि आकार किती? मिळालेलं उत्तर कागदावर लिहून टायपिंगवाल्याला द्यावं. ‘नेहमीसारखं करा’ म्हणून सांगू नये, कारण नेहमीचं म्हणजे कधी कधी जुन्या लीगल कागदाचं असतं.

‘साईज १४’ म्हणजे किती?

आकड्यामागचं माप पॉइंट हे आहे. एका इंचात ७२ पॉइंट बसतात. म्हणजे १४ पॉइंट जवळपास ४.९ मिलिमीटर झाले. पण हे माप छापलेल्या अक्षराच्या उंचीचं नसतं. अक्षर ज्या चौकटीत बसवलेलं असतं त्या चौकटीचं असतं. चौकट तेवढीच ठेवून कुणी अक्षर मोठं काढतो, कुणी लहान. त्यामुळे दोन फॉन्टमध्ये १४ हा आकडा सारखा असूनही कागदावर अक्षरं लहान-मोठी दिसतात.

मराठीत हा फरक फार जाणवतो. मंगल फॉन्टचं १४ चांगलं ठसठशीत दिसतं. कोकिळा फॉन्टचं १४ त्यापेक्षा बारीक दिसतं. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टचं १४ तर आणखी बारीक, म्हणून तो वापरणारे टायपिस्ट १६ किंवा त्याहून मोठा आकार घेतात. तेव्हा मराठी कागदासाठी नुसता आकडा विचारून भागत नाही, फॉन्टचं नावही विचारावं लागतं.

आणखी एक गैरसमज. मोबाईलवर दोन बोटांनी कागद मोठा केला किंवा फोनच्या सेटिंगमध्ये ‘फॉन्ट साईज’ वाढवला तर फक्त पडद्यावर मोठं दिसतं. फाईलमधला आकार तसाच राहतो. व्हॉट्सॲपवर आलेला मसुदा फोनवर स्पष्ट वाचता आला म्हणून तो कागदावरही बरोबर येईल असं नाही.

मराठी टायपिंगमधले दोन खड्डे

पहिला खड्डा जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी असे फॉन्ट वर्षानुवर्षं वापरात आहेत. त्यातल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये संगणक आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवतो, वरून फक्त मराठी चेहरा लावलेला असतो. फाईल ज्या संगणकावर उघडली तिथे तो फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. अशा फाईलला ‘सगळं सिलेक्ट करून टाइम्स न्यू रोमन लावा’ म्हटलं की अख्खा दावा वाचता येत नाही असा होतो.

युनिकोडमध्ये हा प्रश्न येत नाही. मंगल, कोकिळा, निर्मला, नोटो सान्स देवनागरी हे युनिकोड फॉन्ट आहेत. यातला एक बदलून दुसरा लावला तरी शब्द तेच राहतात, फक्त वळण बदलतं. मोबाईलवर मराठी कीबोर्डने लिहिलेला मजकूरही युनिकोडच असतो. ई-फायलिंगमध्ये शब्द शोधता येईल अशी पीडीएफ मागतात, जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येत नाही. नवं काम असेल तर टायपिंगवाल्याला सुरुवातीलाच ‘युनिकोडमध्ये करा’ म्हणून सांगावं.

जुन्या फाईलचं युनिकोडमध्ये रूपांतर करून मिळतं, पण रूपांतरानंतर कागद शब्द न् शब्द वाचावा लागतो. रफार सरकतो, जोडाक्षर तुटतं, ‘ऱ्य’ बिघडतो, कधी आकडा किंवा अपूर्णांकाची रेघ बदलते. गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, तारखा आणि रकमा यांच्याकडे दोनदा बघावं. गट नंबर १२७/२ चा १२७२ झाला तर वादच दुसऱ्या जमिनीचा होऊन बसतो. संख्या आकड्यांत आणि अक्षरांत अशी दोन्हीकडे लिहायला सांगितलेली आहे, तिचा इथे फायदा होतो. एकीकडे बिघडलं तरी दुसरीकडे बघून चूक सापडते.

दुसरा खड्डा एमएस वर्डमधला आहे आणि तो रोज टायपिंग करणाऱ्यांच्याही नजरेतून सुटतो. वर्ड हा प्रोग्रॅम इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट-आकार एका कप्प्यात आणि मराठी-हिंदीसारख्या लिपींचा फॉन्ट-आकार दुसऱ्या कप्प्यात ठेवतो. कंट्रोल आणि डी ही बटणं एकत्र दाबली की जी खिडकी उघडते तिच्यात ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन भाग दिसतात. पहिल्या भागात १४ केलं आणि दुसऱ्या भागात ११ राहिलं, तर इंग्रजी शब्द १४ चे आणि मराठी मजकूर ११ चा असा कागद तयार होतो. वरच्या पट्टीवर १४ दिसतंय म्हणून सगळा कागद १४ चा आहे असं समजू नये.

वर्डमध्ये आकार कसा लावायचा?

नव्या फाईलमध्ये वर्ड आपला ठरलेला आकार घेतो. बऱ्याच आवृत्त्यांत तो कॅलिब्री ११ असतो आणि ओळींमधलं अंतर दीडपेक्षा बरंच कमी असतं. म्हणून पुढचा क्रम धरावा:

१. ‘लेआउट’मध्ये जाऊन ‘साईज’ खाली ए-४ निवडा. हे सगळ्यांत आधी करा, कारण कागद नंतर बदलला तर पानं सरकतात.

२. ‘मार्जिन्स’ खाली ‘कस्टम मार्जिन्स’ उघडा. तिथे इंच दिसत असतील तर ४ सेंटिमीटर म्हणजे १.५७ इंच आणि २ सेंटिमीटर म्हणजे ०.७९ इंच. आकड्यापुढे इंग्रजीत ‘सीएम’ लिहिलं तरी वर्डला समजतं.

३. कंट्रोल आणि ए दाबून सगळा मजकूर निवडा. मग कंट्रोल आणि डी दाबून दोन्ही भागांत फॉन्ट आणि आकार भरा.

४. कंट्रोल आणि ५ दाबलं की ओळींमधलं अंतर दीड होतं. कंट्रोल आणि १ दाबलं की एक होतं.

५. निकालपत्रातला किंवा दस्तातला उतारा असेल आणि नियमात तशी सवलत असेल, तर तेवढाच भाग निवडून १२ आकार आणि एक अंतर लावा.

६. पानाच्या वरची-खालची पट्टी आणि तळटीपा ‘सगळं निवडा’मध्ये येत नाहीत. त्या वेगळ्या उघडून बघा.

ओळींच्या अंतरात ‘एक्झॅक्टली’ असा एक पर्याय असतो. पानं कमी करायला काही जण तो वापरतात. मराठीत तो टाळावा. त्याने वरच्या वेलांट्या, मात्रा आणि खालचे उकार कापले जातात आणि ‘कुळ’चं ‘कळ’ वाचलं जातं.

लिब्रेऑफिस फुकट मिळतं आणि त्यातही हे सगळं करता येतं. फक्त ‘टूल्स’मधून ‘ऑप्शन्स’ आणि तिथून भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करावं लागतं. त्यानंतर अक्षरांच्या खिडकीत मराठीचा वेगळा कप्पा दिसू लागतो.

मोबाईलवर गूगल डॉक्समध्ये वरच्या तीन ठिपक्यांत ‘पेज सेटअप’ असतं, तिथे ए-४ निवडता येतं. आकार आणि ओळींचं अंतर ‘ए’ अक्षराच्या चिन्हाखाली मिळतं. मसुदा लिहायला किंवा तपासायला फोन पुरेसा आहे. शेवटची मांडणी आणि समास मात्र संगणकावर करून घेतलेले बरे.

प्रिंट काढताना १४ चं १२ कसं होतं?

फाईलमध्ये सगळं बरोबर असूनही कागदावर अक्षर बारीक येतं. बहुतेक वेळा दोष छपाईच्या खिडकीत असतो. तिथे ‘फिट’ किंवा ‘श्रिंक’ असा पर्याय निवडलेला असेल, तर प्रिंटर अख्खं पान आक्रसून कागदावर बसवतो.

हिशोब करून बघा. लीगल पान ३५.६ सेंटिमीटर लांब असतं, ए-४ पान २९.७. लीगलवर केलेली फाईल ए-४ कागदावर ‘फिट’ करून छापली की सगळं सुमारे ८३ टक्क्यांवर येतं. १४ चं अक्षर ११.७ चं होतं, म्हणजे पुरतं १२ चंही राहत नाही. समासही त्याच प्रमाणात बिघडतो. लेटर आकाराच्या पानावर केलेली फाईल ए-४ वर बसवली तर १४ चं साधारण १३.६ होतं, ते डोळ्याला चटकन कळत नाही.

म्हणून फाईल आधीच ए-४ वर तयार करावी आणि छपाईच्या वेळी ‘ॲक्च्युअल साईज’ किंवा १०० टक्के हा पर्याय घ्यावा. झेरॉक्सच्या मशीनवरही आधीच्या गिऱ्हाईकाने लावलेलं ‘रिडक्शन’ तसंच राहिलेलं असतं. प्रती काढण्याआधी तिथे १०० टक्के दिसतंय ना, एवढं विचारावं.

छपाईच्या दुकानात वर्ड फाईल न देता पीडीएफ द्यावी. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ करून पीडीएफ केली की फॉन्ट सहसा फाईलबरोबरच जातो आणि दुसऱ्या संगणकावर मांडणी हलत नाही. व्हॉट्सॲपने पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं. पानाचा फोटो पाठवला तर तो दाबला जातो, कडा वाकड्या येतात आणि मापाचा काही भरवसा राहत नाही.

घरच्या पट्टीने तपासा

कागद हातात आल्यावर पोराच्या कंपासमधली पट्टी घेऊन बसा. इंग्रजी कागद टाइम्स न्यू रोमनमध्ये, १४ आकाराचा आणि दीड अंतराचा असेल तर माप असं येतं:

- मोठ्या इंग्रजी अक्षराची उंची साधारण सव्वातीन मिलिमीटर. आकार १२ असेल तर ती पावणेतीनच्या आसपास येते.
- एकाच परिच्छेदातली एक ओळ धरा. तिच्या तळापासून पुढच्या दहाव्या ओळीच्या तळापर्यंत साडेआठ सेंटिमीटर. आकार १२ असेल तर सुमारे सव्वासात.
- वर-खाली २ सेंटिमीटर समास असलेल्या भरलेल्या पानात जवळपास ३० ओळी. ३५ ओळी मोजल्या गेल्या तर अक्षर १२ चं असण्याची शक्यता आहे.

मराठी कागदाला हे आकडे लागू होत नाहीत. मंगलमध्ये ओळींचं अंतर मुळातच जास्त पडतं, कोकिळात कमी. त्यासाठी दुसरी युक्ती आहे. टायपिंगवाल्याकडून त्याच फॉन्टमध्ये, १४ आकारात एक ओळ वेगळ्या कागदावर १०० टक्क्यांवर छापून घ्या. तो नमुना दाव्याच्या कागदाखाली धरून खिडकीच्या काचेवर उजेडाला बघा. अक्षरं एकमेकांवर बरोबर बसली तर आकार बरोबर आहे.

समास मोजताना कागदाच्या कडेपासून अक्षरापर्यंत पट्टी लावा. दोन्ही बाजूंना छापलेलं असेल तर मागची बाजूही मोजा.

पानं का वाढतात?

टायपिंगचा दर पानावर असतो, म्हणून पक्षकाराला वाटतं की अक्षर मोठं करून पानं वाढवली. हिशोब असा आहे: समास तेच ठेवून १२ आकार आणि एक अंतर असलेलं भरगच्च पान १४ आकार आणि दीड अंतरात केलं, तर त्याची जवळपास दोन पानं होतात. ही वाढ नियमाने होणारी आहे. दोन्ही बाजूंना छपाई चालत असेल तर कागदांची संख्या पुन्हा तेवढीच राहते. दर ठरवताना तो छापलेल्या बाजूवर आहे की कागदावर, हे आधी बोलून घ्यावं.

पानं वाढली की एक काम मागे लागतं. अनुक्रमणिकेतले पान क्रमांक आणि मजकुरातले ‘पान अमुकवर पाहावे’ असे उल्लेख बदलतात. आकार आधी लावावा, क्रमांक नंतर टाकावेत. उलटं केलं तर अनुक्रमणिकेत एक पान आणि फाईलमध्ये दुसरं, हाच नवा आक्षेप निघतो.

सातबारा, फेरफार आणि जुने दस्त

जोडलेल्या कागदांची अक्षरं पक्षकाराला बदलता येत नाहीत आणि तशी अपेक्षाही नसते. ती स्पष्ट वाचता यायला हवीत. एका पानावर दोन पानं बसवून सातबाऱ्याचे पैसे वाचवू नयेत, त्यात क्षेत्राचे आकडे वाचेनासे होतात. डिजिटल सहीचा सातबारा मिळालेल्या मूळ पीडीएफवरूनच छापावा, त्याचा स्क्रीनशॉट छापू नये.

जुना फेरफार, कुळाचा कागद किंवा खरेदीखत अंधुक असेल तर त्याची प्रत आणि सोबत टाईप केलेली खरी नक्कल लावतात. ती नक्कल टाईप करताना अक्षराच्या आकाराचा नियम लागू धरावा. मोडी लिपीतला कागद असेल तर जाणकाराकडून देवनागरीत लिप्यंतर करून घ्यावं लागतं. मराठी कागद सर्वोच्च न्यायालयात जाणार असतील तर इंग्रजी भाषांतर लागतं. स्कॅन करताना ३०० डीपीआय हे माप सांगावं, त्यापेक्षा कमीवर बारीक आकडे फुटतात.

आक्षेप निघालाच तर?

घाबरण्याचं कारण नाही. दावा फेटाळण्याची कारणं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ मध्ये दिलेली आहेत. दाव्याला कारण नसणं, मूल्यांकन किंवा मुद्रांक कमी असून सांगूनही न भरणं, कायद्यानेच दाव्याला मनाई असणं अशी ती कारणं आहेत. अक्षर बारीक असणं त्यात नाही. ही दुरुस्त होणारी त्रुटी आहे.

पण दुरुस्तीलाही वेळ मोजून मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या नियमांत अशा त्रुटी काढायला रजिस्ट्रार एकूण २८ दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतात. खालच्या न्यायालयांत त्या त्या कार्यालयाने दिलेली तारीख पाळावी लागते. त्रुटी निघेपर्यंत प्रकरण पुढे सरकत नाही, आणि मनाई हुकूम तातडीने हवा असेल तर तेवढे दिवस समोरचा नांगर घालून मोकळा होतो.

अपिलात तर दिवस मोजकेच असतात. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस मिळतात. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. शेवटच्या दिवशी कागद घेऊन जाणाऱ्याच्या हातात दुरुस्तीला काही उरत नाही. उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही. कागद मुदतीच्या आठ-दहा दिवस आधी तयार ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

दुरुस्त कागद छापताना एक पथ्य पाळावं. प्रतिज्ञापत्रावर शपथ झालेली असेल तर त्यातलं एखादं पान काढून दुसरं घुसवू नये. नवीन छपाई झाली की प्रत्येक पानावर नव्याने सही, नव्याने सत्यापन आणि प्रतिज्ञापत्र असेल तर नव्याने शपथ. ‘फक्त अक्षर मोठं केलंय’ असं सांगून कोऱ्या पानावर सही मागितली तर ती देऊ नये. आधी वाचावं, मग सही करावी.

खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. कागद तयार करून देणं आणि दाखल करणं हेही या मदतीत येतं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

सही करण्याआधी हे बघा

- ज्या कोर्टात कागद जाणार त्याचे नियम विचारून लिहून घेतले का?
- फाईल आणि कागद दोन्ही ए-४ आहेत का?
- मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का? फॉन्टचं नाव माहीत आहे का?
- वर्डच्या दोन्ही कप्प्यांत तोच आकार भरला आहे का?
- प्रिंट १०० टक्क्यांवर काढली का?
- पट्टीने अक्षर, ओळी आणि समास मोजले का? मागची बाजूही?
- गट नंबर, क्षेत्र, तारखा, रकमा आकड्यांत आणि अक्षरांत सारख्या आहेत का?
- अनुक्रमणिकेतले पान क्रमांक जुळतात का?
- जोडलेले सगळे कागद चष्म्याशिवाय नाही तर निदान चष्म्याने तरी नीट वाचता येतात का?
- दाखल केलेल्या फाईलची पीडीएफ आणि एक छापील प्रत स्वतःजवळ ठेवली का?

शेवटचा मुद्दा विसरू नये. पुढच्या अर्जाला, अपिलाला किंवा वकील बदलायची वेळ आली तर तीच फाईल कामी येते, आणि नव्याने टायपिंगचा खर्च वाचतो.